‘बटण ठरल्याप्रमाणेच चालते’ असे उत्तर आल्यावर न्यूजरीडरमधील अडचण पुन्हा कशी नोंदवावी?

राजारामपुरी नववी गल्ली

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र ते आजही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइप नकोसा झाल्यामुळे दिवसभरातल्या बातम्या मोबाइलवर मोठ्या अक्षरांत वाचण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे. संकेतस्थळांवरच्या जाहिराती आणि मध्येच उघडणाऱ्या चौकटी त्यांना चुकवता याव्यात म्हणून मी एक मोफत, मुक्तस्रोत न्यूजरीडर त्यांच्या मोबाइलवर घालून दिला आणि त्यात १४ फीड, म्हणजे संकेतस्थळांकडून आपोआप येणाऱ्या बातम्यांच्या याद्या, जोडले. कोल्हापूर जिल्हा, ऊस आणि दूध, पाऊसपाणी, क्रिकेट आणि अर्थात कुस्ती. त्या अ‍ॅपचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोन-तीन माणसे ते फावल्या वेळात चालवतात आणि त्यांची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन चिन्हे शेजारीशेजारी आहेत. गोल बाण दाबला की नव्या बातम्या येतात, आणि बरोबरची खूण दाबली की यादीतल्या सगळ्या बातम्या वाचलेल्या म्हणून नोंदल्या जाऊन यादी रिकामी होते. आठवड्यातून चार-पाच वेळा ‘माझ्या बातम्या कुठं गेल्या?’ अशी हाक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. वाचलेल्या बातम्या पुन्हा दाखवण्याची सोय आहे. परंतु तेव्हा खरोखर वाचलेल्या आणि न वाचता गेलेल्या बातम्या एकत्रच येतात आणि त्यातून आपली बातमी शोधणे म्हणजे सांडलेली मोहरी वेचणे होय. दुसरी अडचण म्हणजे अक्षरे मोठी केली की मथळ्याच्या वरच्या मात्रा कापल्या जातात, त्यामुळे ‘कोल्हापूर’ हे ‘काल्हापूर’ दिसते आणि ‘मोर्चा’चा ‘माचा’ होतो. तिसरी म्हणजे बातम्यांचा क्रम कधीकधी चुकीचा वाटतो, पण ते नेमके कधी घडते ते मला सांगता येत नाही.

मी या तिन्ही गोष्टी ‘ज्येष्ठांना हे अ‍ॅप वापरणे अतिशय कठीण आहे’ या शीर्षकाखाली एकत्र नोंदवल्या आणि खूण दाबल्यावर ‘आपली खात्री आहे का?’ असा प्रश्न विचारणारी चौकट टाकावी, अशी विनंती केली. आठ दिवसांनी ती नोंद बंद झाली. उत्तर एका वाक्याचे होते: ‘बटण ठरल्याप्रमाणेच चालते, ही चूक नाही.’ एका अर्थी ते खरेच आहे. जाणकारांना माझा प्रश्न असा की, सांगितले तेच प्रोग्रॅम करत असेल तर त्याला बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, म्हणणे योग्य आहे का, आणि असल्यास तो कसा नोंदवावा, की पुन्हा हेच वाक्य परत येणार नाही?

उद्यमनगर

एका स्वयंसेवी सॉफ्टवेअरकडे येणाऱ्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करण्याचे काम मी सहा वर्षे केले, आणि ‘ठरल्याप्रमाणेच चालते’ हे वाक्य मी स्वतः पुष्कळांना लिहून पाठवले आहे. त्यामुळे हे उत्तर काहीसे कबुलीजबाबासारखे वाटेल, त्याला इलाज नाही.

प्रथम आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. होय, तो बगच आहे. वापरसुलभतेची जी व्याख्या आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात दिली आहे, तिच्यात बटण चालते की नाही हा मुद्दाच येत नाही. विशिष्ट वापरकर्त्याला, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्देश कितपत साधता आला, त्यासाठी किती खटपट करावी लागली आणि तो कितपत समाधानी राहिला, एवढेच तिथे विचारले आहे. आपल्या वडिलांचा उद्देश बातम्या वाचणे हा होता आणि तो आठवड्यातून चार-पाच वेळा फसतो. याहून सरळ पुरावा नाही.

मग नोंद बंद का झाली? माझी नोकरी एका फाउंड्रीच्या संगणक विभागात आहे, म्हणून उदाहरणही तिथलेच देतो. गिऱ्हाइकाकडून कास्टिंग परत येते तेव्हा त्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘माल खराब’ एवढेच लिहिले असेल, तर ती चिठ्ठी कोणाच्याच उपयोगाची नसते. ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची पोकळी, कोणत्या बाजूला आहे, मशिनिंग करताना ते कितव्या पासला उघडे पडले आणि हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक, काय, हे लिहिले असेल तर मोल्डिंगवाला, मेल्टिंगवाला आणि पॅटर्नवाला यांच्यापैकी कोणी बघायचे ते दहा मिनिटांत ठरते. आपली नोंद पहिल्या प्रकारची होती. तिच्यात तीन वेगळ्या बिघाडांची एक मोळी बांधलेली होती, शीर्षकात घटनेऐवजी निष्कर्ष होता, आणि घडले काय याच्या वर्णनापेक्षा करावे काय याची मागणी ठळक होती. ती मागणी डेव्हलपरला पटली नाही आणि मागणीबरोबर तक्रारही बाहेर गेली. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केले असते.

यात तक्रार घेणाऱ्यांच्या साधनांचाही दोष आहे. बगझिला ही बग नोंदवण्याची प्रणाली १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि तिच्यातले निकालाचे शब्द पुढे या क्षेत्राची बोलीभाषाच होऊन बसले. ‘अवैध’, ‘दुरुस्त करणार नाही’, ‘माझ्याकडे तर चालते’. हे शब्द प्रोग्रॅम बंद पडण्याच्या तक्रारींना शोभतात, कारण बंद पडलेला प्रोग्रॅम मागे खुणा ठेवून जातो आणि त्या दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा उमटवता येतात. माणूस गोंधळला याची खूण प्रोग्रॅमने आपोआप ठेवलेल्या कोणत्याही नोंदीत (लॉगमध्ये) राहत नाही. डेव्हलपर ते बटण दाबून पाहतो, त्याचा काही गोंधळ होत नाही, कारण ते बटण त्यानेच बसवलेले असते.

म्हणून ही खूण आपल्यालाच गोळा करावी लागते. वडिलांच्या शेजारी अर्धा तास बसावे, हात मागे बांधावेत आणि तोंड मिटून घ्यावे. यातले दुसरे अधिक अवघड आहे. त्यांना काय करायचे होते, त्यांनी काय केले, ते केल्यावर काय झाले असे त्यांना वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. यातली तिसरी गोष्ट बहुतेक नोंदींमध्ये नसते आणि खरा बग बहुधा तिथेच दडलेला असतो. जोडीला आवृत्ती, मोबाइलची स्क्रीन आणि अक्षरांचा आकार किती टक्के ठेवला आहे हेही लिहावे. नंतर तिन्हींसाठी तीन स्वतंत्र नोंदी कराव्यात. पहिलीचे शीर्षक असे काही ठेवता येईल: ‘एका स्पर्शाने सर्व बातम्या वाचलेल्या म्हणून नोंदल्या जातात आणि ते पूर्ववत करता येत नाही.’ या वाक्यात ज्येष्ठ कोणी नाही आणि विशेषणही नाही. त्यामुळे ‘आमचे अ‍ॅप ज्येष्ठांसाठी नाही’ ही पळवाट आपोआप बंद होते.

गांभीर्य ठरवताना वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी सुचवलेल्या तीन कसोट्या मला आजही पुरतात. अडचण किती वेळा येते, आली की किती नुकसान होते, आणि एकदा कळल्यावर माणूस ती टाळू शकतो की ती पुन्हापुन्हा येतच राहते. आपल्याकडे तिसरी कसोटी सर्वांत जड आहे. महिनोन्महिने वापरूनही वडिलांना ती टाळता येत नाही, म्हणजे हा नवखेपणाचा प्रश्न उरलेला नाही.

खात्रीच्या चौकटीविषयी मात्र मी डेव्हलपरच्या बाजूने आहे. जो प्रश्न रोज विचारला जातो त्याचे उत्तर माणूस न वाचताच देतो. आठवडाभरात ‘होय’ दाबणे हाही त्या हालचालीचाच भाग होतो. त्यापेक्षा यादी रिकामी झाल्यावर खाली काही सेकंद ‘२१२ बातम्या वाचलेल्या म्हणून नोंदल्या. पूर्ववत करा’ अशी पट्टी दिसावी, हे बरे. तरीही हा उपाय नोंदीच्या पहिल्या परिच्छेदात लिहू नये. तो शेवटी, वेगळा, ‘सूचना’ म्हणून लिहावा.

बिंदू चौक

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. पण उपाय शेवटी लिहावा, सूचना म्हणूनच लिहावा, हा जो संकोच त्यात आहे तो मला पटत नाही. न्यूजरीडर हा शब्द आज फीडसाठी वापरला जात असला तरी मुळात तो यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चासमूहांचे लेख वाचण्याच्या प्रोग्रॅमसाठी होता, आणि त्या जगात वापराच्या चुका सुटल्या त्या कोणीतरी अपेक्षा स्पष्ट शब्दांत मांडल्यामुळे.

तिथली सर्वांत कुप्रसिद्ध अडचण उत्तर देण्याची होती. एखाद्या लेखाला दोन प्रकारे उत्तर देता येत असे. सर्वांना दिसेल असे समूहात, किंवा फक्त लेखकाला, ईमेलने. काही प्रोग्रॅममध्ये या दोन आज्ञा इतक्या सारख्या दिसत, की एकाला खाजगीत लिहिलेला मजकूर समूहातल्या सर्वांसमोर जाऊन पडे. बटण ‘ठरल्याप्रमाणेच’ चालत असे, हे सांगायला नकोच. त्यावर काही जाणत्या वापरकर्त्यांनी चांगल्या न्यूजरीडरने काय काय केलेच पाहिजे याची एक संहिता तयार केली आणि तिला ‘गुड नेटकीपिंग सील ऑफ अप्रूव्हल’ असे काहीसे गमतीचे नाव दिले. नवा लेख, समूहातले उत्तर आणि ईमेलचे उत्तर यांच्यासाठी स्पष्ट आणि वेगवेगळ्या आज्ञा असाव्यात, हे तिच्यातले एक कलम होते. लिहायला सुरुवात केल्यानंतरही समूहात पाठवायचे की ईमेलने, हा विचार बदलण्याची मोकळीक वापरकर्त्याला असावी, हे दुसरे. ज्या काळात वापरसुलभतेचा अभ्यास मोजक्या कंपन्यांच्या दालनांत चालत होता, त्या काळात साध्या वापरकर्त्यांनी हे लिहिले आणि प्रोग्रॅम लिहिणारे त्यावरून आपले काम तपासून घेऊ लागले.

माझे म्हणणे एवढेच की, आपल्या नोंदीत ‘एका स्पर्शाने होणारी आणि मोठा परिणाम करणारी प्रत्येक क्रिया पूर्ववत करता आली पाहिजे’ हे अपेक्षित वर्तन म्हणून ठामपणे लिहावे. त्याला सूचना म्हटले की ती ‘पुढे कधीतरी’च्या फडताळात जाऊन पडते आणि तिथून परत आलेली सूचना मी अजून पाहिलेली नाही.

वेलांटी

मी मराठी मजकुराच्या जुळणीचे काम करतो, म्हणून फक्त दुसऱ्या अडचणीविषयी लिहितो.

मात्रा कापल्या जाण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. अँड्रॉइडमध्ये अक्षरांचा आकार अशा एककात देतात जे वापरकर्त्याने अक्षरे मोठी केली की त्या प्रमाणात वाढते. परंतु ओळीची किंवा चौकटीची उंची पुष्कळदा दुसऱ्या एककात, कायमची ठरवून दिलेली असते. अक्षर वाढते आणि खण तेवढाच राहतो. रोमन लिपीत मोठ्या अक्षरांच्या वर थोडी मोकळी जागा असल्यामुळे हे लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी पूर्ण एक मजली वस्ती असते, आणि खाली उकार आणि जोडाक्षरांची दुसरी. इंग्रजीत अ‍ॅप तपासणाऱ्याला ही अडचण दिसणे जवळजवळ अशक्य आहे. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षरे दुप्पट मोठी करता येतात, त्यामुळे अशा तक्रारी वाढतील असा माझा अंदाज आहे.

नोंद करताना स्क्रीनशॉट द्यावाच. पण डेव्हलपरला देवनागरी वाचता येत नसेल हे गृहीत धरावे. ‘काल्हापूर’ आणि ‘कोल्हापूर’ यांत त्याला फरक दिसणार नाही. म्हणून तोच मथळा कापलेला आणि न कापलेला असा शेजारीशेजारी दाखवावा, गहाळ झालेल्या रेघेभोवती वर्तुळ काढावे, आणि ती रेघ गेल्याने शब्द वेगळा वाचला जातो हे एका वाक्यात सांगावे. ‘चोरी’ची ‘चारी’ झाली तर ती सौंदर्यदृष्टीची तक्रार राहत नाही. शिवाय चाचणीसाठी मजकूर नक्कल करून घेता येईल असा द्यावा; मी नेहमी ‘र्कीं’ देतो, कारण त्यात शिरोरेषेवर वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिघेही एकदम येतात.

मथळा ठरावीक लांबीवर तोडून पुढे तीन टिंबे देणाऱ्या अ‍ॅपमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपण चार अक्षरांचा वाचतो, युनिकोड या संगणकाच्या लिपिसंकेताच्या दृष्टीने तो ९ चिन्हांचा असतो आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवल्यावर २७ बाइटांचा होतो. तोडणारा यांपैकी काय मोजतो यावर शेवटी ‘कोल’ उरेल, पाय मोडलेला ‘कोल्’ उरेल की प्रश्नचिन्हाचा चौकोन, हे ठरते.

शोधाची अडचण आपण लिहिलेली नाही, परंतु वडील शेतीच्या बातम्या वाचतात म्हणून विचारतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधून पाहा. त्यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो, काहीजण ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात आणि काहीजण र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि निम्म्या बातम्या सापडतच नाहीत. आढळल्यास तीही चौथी, स्वतंत्र नोंद करावी.

राजारामपुरी नववी गल्ली

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी मी उद्यमनगर यांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांच्या शेजारी वही घेऊन बसलो, आणि जे दिसले त्याने मी खजील झालो आहे.

माझा समज असा होता की वडिलांचे बोट गोल बाणाऐवजी चुकून खुणेवर पडते. म्हणूनच मी बटणांमधले अंतर वाढवावे असेही मागणार होतो, आणि अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत दाबण्याच्या जागेसाठी सांगितलेले किमान ४८ डीपीचे (डीपी हे स्क्रीनवरच्या अंतराचे एकक) माप शोधूनही ठेवले होते. प्रत्यक्षात ४० मिनिटांत त्यांचे बोट एकदाही चुकले नाही. त्यांनी एक बातमी उघडली, पूर्ण वाचली, मागे आले आणि अगदी शांतपणे, जाणूनबुजून, खूण दाबली. यादी रिकामी झाली. मी काही न बोलता बसून राहिलो, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, ‘ही बातमी वाचली म्हणून टिक केली, तर बाकीच्या पण पळाल्या बघ.’

ते ३१ वर्षे एका सहकारी संस्थेत लेखनिक होते. तपासलेल्या प्रत्येक नोंदीपुढे टिक करायची, ही त्यांच्या हाताची सवय आहे. ती खूण समोरच्या एका बातमीसाठी आहे असे त्यांना वाटते, आणि खरे सांगायचे तर ती सगळ्या यादीसाठी आहे असे त्या चिन्हात कुठेही म्हटलेले नाही. माझी खात्रीची चौकट असती तर त्यांनी ‘होय’च दाबले असते, कारण त्यांची खात्री होतीच. बटणे दूर सरकवून तर काहीच झाले नसते. सहा महिने मी त्यांना ‘जरा जपून दाबा’ असे सांगत होतो.

हा सगळा प्रकार, त्यांच्या वाक्यासह, मी पहिल्या नोंदीत लिहिला आहे. बिंदू चौक यांच्या सांगण्यावरून ‘पूर्ववत करता आले पाहिजे’ हे अपेक्षित वर्तनात घातले. खुणेच्या अर्थाबद्दल मात्र मी काही मागितले नाही, जे पाहिले तेवढेच लिहिले. वेलांटी यांच्या पद्धतीने दुसरी नोंदही केली. ‘शेतकऱ्यांना’ शोधले असता सात बातम्या आल्या आणि ‘शेतकरी’ शोधल्यावर ज्या बातम्या दिसल्या त्यांच्यातल्या कित्येकांच्या मथळ्यात ‘शेतकऱ्यांना’ होते, तेव्हा चौथीही करावी लागणार.

तिसरी अडचण अजून माझ्या हाती लागलेली नाही.

शिरोळ

क्रमाच्या अडचणीविषयी माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. पुराच्या दिवसांत मी आणि आमच्या गल्लीतले बरेचजण पंचगंगेच्या पातळीसाठी फीडवरच नजर ठेवून असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि २०१९ व २०२१ नंतर तर कोणी ते विसरण्याचा प्रश्नच नाही. एका पावसाळ्यात माझ्या न्यूजरीडरमध्ये सर्वांत वर, म्हणजे सर्वांत ताजी म्हणून, ३८ फुटांची बातमी दिसत होती आणि तिच्या खाली इशारा पातळी ओलांडल्याची. मी समजलो की पाणी उतरू लागले. ते चढत होते.

कारण नंतर कळले. एक संकेतस्थळ आपल्या फीडमध्ये भारतीय वेळ लिहून तिच्यापुढे जीएमटीचा, म्हणजे ग्रीनिच वेळेचा, शिक्का मारत होते. त्यामुळे सकाळी ६:४० ची बातमी न्यूजरीडर प्रामाणिकपणे साडेपाच तास पुढे नेऊन दुपारी १२:१० ला बसवत असे, आणि ११ वाजताची खरी ताजी बातमी तिच्या खाली जात असे. आपल्या १४ फीडपैकी एखादाच असा असेल तर क्रम ‘कधीकधी’ चुकीचा वाटेल, रात्री सगळे पुन्हा सुरळीत दिसेल आणि तक्रार करावी तर दाखवायला काही उरणार नाही. एखाद्या सकाळी, यादीतल्या बातमीपुढची वेळ भिंतीवरच्या घड्याळाच्या पुढची आहे का, एवढेच पाहावे.

अशीच दुसरी भानगड राधानगरीच्या बातम्यांत होते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, ते एकेक करून उघडतात आणि संकेतस्थळे नवी बातमी न देता जुनीच बातमी दुरुस्त करत जातात. न्यूजरीडर बातमी तिच्या ओळखक्रमांकावरून ओळखतो. क्रमांक तोच राहिला की बातमी वाचलेलीच समजली जाते, मग आतला दोनचा आकडा पाच झाला तरी ती पुन्हा वर येत नाही.

उद्यमनगर

शिरोळ यांच्या पहिल्या उदाहरणात एक पेच आहे, आणि तो नोंद करण्यापूर्वी सोडवलेला बरा. चूक मुळात संकेतस्थळाची आहे. त्यामुळे न्यूजरीडरचा डेव्हलपर ‘फीड दुरुस्त करून घ्या’ असे म्हणेल आणि त्याला दोष देता येणार नाही. नोंद दोन्हीकडे करावी. संकेतस्थळाला फीडमधली ती एक ओळ दाखवून जीएमटीऐवजी +०५३० (म्हणजे भारतीय वेळ) असे लिहायला सांगावे. न्यूजरीडरकडे मात्र तक्रार वेगळी मांडावी, ती अशी की भविष्यातली वेळ असलेली बातमी कोणतीही शंका न घेता सर्वांत ताजी म्हणून दाखवली जाते. बातमी उद्याची असू शकत नाही, हे प्रोग्रॅमलाही ठाऊक असायला हरकत नाही. अशा वेळी ती ज्या क्षणी हाती आली तीच वेळ धरता येते. चुकीचा फीड बनवणारे जगात नेहमीच राहणार.

दरवाजांच्या उदाहरणात दोघांचीही चूक नाही, म्हणूनच ते अधिक कठीण आहे. अ‍ॅटम या प्रकारच्या फीडमध्ये बातमी शेवटची कधी बदलली ती वेळ देणे सक्तीचे आहे. आरएसएस या दुसऱ्या प्रकारात बातमीपुढे तशी वेगळी जागाच नाही, तिथे मजकुराची तुलना करूनच बदल ओळखावा लागतो. आणि प्रत्येक बदलाला बातमी वर आणली तर शुद्धलेखनाच्या दुरुस्तीलाही ती वर येईल आणि आपण दोघेही त्याविरुद्ध तक्रार करू.

माझ्या जुन्या कामातली एक चूक इथे सांगतो. तीन वेगवेगळ्या माणसांनी ‘बातम्या गायब होतात’, ‘क्रम उलटा आहे’ आणि ‘जुनी बातमी नवी दिसते’ अशा तक्रारी केल्या होत्या. कारण एकच निघाले, म्हणून मी दोन नोंदी ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद केल्या आणि एक ठेवली. दुरुस्ती झाली, उरलेल्या नोंदीतला प्रसंग तपासला गेला, आणि बंद केलेल्यांपैकी एकीतले लक्षण तसेच राहिले. कारण तो मजकूर मी ठेवलेल्या नोंदीत उतरवून घेतलाच नव्हता. तेव्हा शिरोळ यांनी आपली नोंद स्वतंत्र करावी आणि राजारामपुरी यांनी आपल्या नोंदीतून तिचा दुवा द्यावा, एकात एक मिसळू नये.

राजारामपुरी नववी गल्ली

तीन आठवड्यांनंतरची स्थिती कळवतो, कारण प्रश्न विचारून गायब होणारे मला आवडत नाहीत.

मात्रांची नोंद सर्वांत लवकर मार्गी लागली. वेलांटी यांचे निदान तंतोतंत बरोबर होते. खणाची उंची कायमची ठरवलेली होती, ती बदलली आणि पुढच्या आवृत्तीत ‘कोल्हापूर’ पूर्ण दिसू लागले. डेव्हलपरने ‘र्कीं’ हा मजकूर आपल्या कायमच्या चाचण्यांत घातला असल्याचे कळवले आहे. वेळेची नोंद खुली आहे. माझ्या १४ पैकी एक फीड खरोखरच साडेपाच तास पुढे धावत होता आणि त्या संकेतस्थळाकडून अद्याप उत्तर नाही. शोधाच्या नोंदीवर दोघा डेव्हलपरांचाच वाद सुरू आहे, त्यातले मला फारसे कळत नाही.

पहिल्या नोंदीचे मात्र काही वेगळेच झाले. ती पुन्हा उघडली गेली, वडिलांचे वाक्य इंग्रजीत भाषांतर करून शीर्षकाखाली ठेवले गेले आणि ‘पूर्ववत करा’ची पट्टी मान्य झाली. ती येईपर्यंत ते खुणेचे चिन्ह वरच्या कोपऱ्यातून काढून टाकण्याची सोय आधीपासूनच आहे, असे त्यांनी कळवले. ती सेटिंग्जमध्ये तिसऱ्या पानावर, ‘दिसणे’ या सदराखाली होती. मी ती शोधायला हवी होती हे खरे, आणि ती तिथे कोणालाच सापडणार नाही हेही तितकेच खरे. मी खूण काढून टाकली. चार दिवस एकही हाक ऐकू आली नाही.

पाचव्या दिवशी वडील मोबाइल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘ती टिक कुठं गेली? वाचून झालं हे आता कुठं सांगायचं?’ बातमी उघडली की ती आपोआप वाचलेली धरली जाते, असे मी समजावून सांगितले. त्यांना ते पटले नाही. उघडणे म्हणजे वाचणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि अर्धी वाचून ठेवलेली बातमी यादीत फिकट झालेली त्यांनी मला दाखवली. मी ते संभाषण जसेच्या तसे पाचवी नोंद म्हणून टाकले आहे.